बरणीत शिजणारे साप

एप्रिल-मेच्या भर दुपारी पकडलेला साप प्लास्टिकच्या बरणीत कोंबून मोटारसायकलवरून गावभर फिरवणं म्हणजे त्याला वाचवणं नव्हे. ते त्याला मारणंच आहे. काठीनं मारलेला साप दोन-चार फटक्यांत सुटतो. बरणीतला मिनिटामिनिटानं भाजत जातो आणि भोवतीची माणसं मोबाईल उंच धरून शूटिंग करत असतात. मी हे परभणी जिल्ह्यातल्या बोरीत बसून लिहितो आहे. ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यातले बरेचजण माझ्या ओळखीचे आहेत, काही तर माझ्या घरी चहाला येतात. त्यांना राग येईल. येऊ द्या. त्या रागात त्यांनी बरणी उकिरड्यावर फेकली तरी माझं काम झालं.

बोरी हे जिंतूर तालुक्यातलं, परभणी-जिंतूर रस्त्यावरचं मोठं गाव. भोवती काळी जमीन, कापूस, सोयाबीन, तूर. मार्च सरला की जमीन भेगाळते, ओढे कोरडे पडतात आणि मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. हे आकडे सावलीतले. डांबरी रस्ता, घरावरचा पत्रा, मोटारसायकलची टाकी दुपारी त्याच्या कितीतरी पुढे गेलेली असते. हात ठेवून बघा, कळेल. अशा दिवसांत साप घराकडे येतो तो गारव्यासाठी. न्हाणीची मोरी, रांजणाखालची ओल, कूलरखाली सांडलेलं पाणी, आखाड्यावरचा हौद, गोठ्यातला ओला कोपरा, उन्हाळ्यात साप निघतात ते याच जागी. उन्हापासून पळून मोरीत शिरलेल्या जिवाला आपण ओढून बाहेर काढतो आणि पुन्हा उन्हातच नेतो. यावेळी मात्र त्याच्या पळण्याची वाट बंद केलेली असते.

ही वाट बंद करणं काय असतं, ते नीट समजून घेतलं पाहिजे. सापाला घाम येत नाही. आपल्यासारखं शरीराचं तापमान आतून सांभाळायची सोय त्याच्याकडे नाही. भोवतालचं जे तापमान, त्याच्या मागोमाग त्याच्या अंगाचं तापमान जातं. आपल्याकडच्या बहुतेक सापांना साधारण २८ ते ३२ अंशांचं अंग मानवतं. ते चाळिशीच्या आसपास गेलं की स्नायू आणि मज्जासंस्था साथ सोडायला लागतात, आणि त्यापुढे फार थोड्या अंतरावर मरण असतं. मग हा प्राणी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकतो कसा? जागा बदलून. सकाळी बाहेर, दुपारी उंदराच्या बिळात, रात्री पुन्हा बाहेर. दोन-तीन फूट खोल माती वरच्या जमिनीपेक्षा पुष्कळ गार असते, आणि सापाला ती नेमकी ठाऊक असते. उन्हातून सरकणं हेच त्याचं एकमेव संरक्षण. बरणी नेमकं तेच काढून घेते.

आता ती बरणी बघा. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटं ठेवतात ती, पारदर्शक, लाल किंवा पिवळ्या झाकणाची, पाच लिटरची. झाकणाला खिळा तापवून भोकं पाडलेली असतात. भोकं बाहेरून पाडलेली, म्हणून वितळलेल्या प्लास्टिकच्या धारदार कडा आतल्या बाजूला उभ्या राहतात. हवेची झुळूक लागते तिथं साप तोंड लावतो, वर रेटतो, आणि त्याच्या नाकपुड्यांवरचे खवले त्या कडांवर सोलून निघतात. अशी तोंडं सोललेले साप मी पाहिलेले आहेत. पारदर्शक भिंतीतून ऊन आत शिरतं आणि आतली हवा तापवतं. वरच्या चार भोकांतून ती हवा बाहेर पडत नाही, कारण खालून हवा आत यायला वाटच नसते. घाबरलेला साप आतच हगतो, मुततो. त्याची वाफ आतच कोंडते. सहा फुटांची धामण वेटोळं करून त्यात दाबलेली असते. सावलीचा कोपरा शोधायचा तर सगळी बरणीच उन्हात. ती बरणी मग मोटारसायकलच्या टाकीवर, म्हणजे तापलेल्या लोखंडावर आणि इंजिनाच्या वर, ठेवली जाते. जिवंत प्राणी तापवून मारायचं यंत्र कुणी मुद्दाम बनवायला घेतलं असतं, तरी याहून वेगळं झालं नसतं.

या मरणाची सर्वांत संतापजनक बाजू म्हणजे ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतं आणि कुणाला दिसत नाही. अंग तापायला लागलं की साप आधी धडपडतो, बरणीच्या भिंतीवर डोकं आपटतो, जबडा उघडा टाकतो. लोक म्हणतात, चवताळलाय. मग हालचाल मंदावते, मान टाकली जाते, अंग सैल पडतं. लोक म्हणतात, आता शांत झाला. तो चवताळलेला नसतो, भाजत असतो. तो शांत झालेला नसतो, संपत असतो. उष्माघात ओळखायची साधी खूण आहे: बरणी आडवी करून साप उताणा पडला तर निरोगी साप लगेच सरळ होतो. ज्याला स्वतःचं अंग सरळ करता येत नाही, त्याची मज्जासंस्था उष्णतेनं गेलेली असते. हे न कळणाऱ्या माणसाला सर्पमित्र म्हणवून घेण्याचा काही अधिकार नाही, मग त्यानं आजवर किती साप पकडले याचा आकडा कितीही मोठा असो.

मागच्या एका मे महिन्यात आमच्या शेजारी पळाट्यांच्या ढिगाऱ्यात धामण निघाली. दुपारी दीड-दोनचा सुमार. गावातलाच एक पोरगा आला, चपळाईनं शेपटी धरून पाच मिनिटांत त्यानं ती बाहेर काढली. पोरगा निडर, हात हलका, यात वाद नाही. पुढचे दोन तास मात्र त्या धामणीच्या वाट्याला जे आलं त्याला माफी नाही. आधी व्हिडिओ. मग बरणी. मग गल्लीतली पोरं गोळा झाली, म्हणून बरणी ओट्यावर उन्हात मांडून साप विषारी की बिनविषारी यावर भाषण. मग वनरक्षकाला फोन; ते दुसऱ्या गावाला गेलेले. मग टपरीवर चहा, बरणी गाडीच्या टाकीवर. मी म्हटलं, "अरे, सावलीत तरी ठेव तिला." तो म्हणाला, "काही होत नाही काका. सापाला ऊन लागत नसतं, लई काटक असतोय." चारच्या सुमारास त्यानं ती नाल्याकडे नेऊन सोडली. ती हलली नाही. "सुस्त पडलीय, रात्री जाईल आपोआप," एवढं बोलून तो निघून गेला. सकाळी मी जाऊन पाहिलं. धामण तिथंच होती, तोंड उघडं आणि डोळ्यांना मुंग्या लागलेल्या. त्या पोराच्या व्हिडिओखाली तोवर अभिनंदनाची रांग लागली होती. धामण उंदीर खाते, एका धामणीमागं शेतकऱ्याची किती ज्वारी वाचते हे याच पोरानं आदल्या दिवशी ओट्यावर उभं राहून सांगितलं होतं.

यावर उत्तर येतं ते ठरलेलं. आम्ही आलो नसतो तर लोकांनी काठीनंच मारली असती. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी या पोरांची गरज नाकारत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मांडला आहे. मेलेल्यांत बहुतेक माणसं खेड्यातली. उन्हाळ्यात अंगणात, आखाड्यावर जमिनीवर झोपणाऱ्याला रात्री मण्यार चावते आणि सकाळपर्यंत कुणाला पत्ता नसतो. अशा ठिकाणी घरातला साप काढून नेणारा माणूस लागतोच. पण काठीपेक्षा बरं ही काही कामाची मोजपट्टी नव्हे. साप काढून नेणं हे काम अर्धंच आहे; तो जिवंत पोचवणं हे उरलेलं अर्धं. पहिल्या अर्ध्यात नाव होतं, म्हणून त्याला झुंबड. दुसऱ्या अर्ध्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून त्याची कुणाला पर्वा नाही.

आणि हे दुसरं अर्धं काम जगात कुठंच गूढ राहिलेलं नाही. सरपटणारे प्राणी लांबवर पाठवायचं शास्त्र पक्कं बसलेलं आहे. विमान कंपन्या जिवंत प्राणी नेताना आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेची प्राणी-वाहतूक नियमावली पाळतात. पेटी कशी, भोकं कुठं, वर काय लिहायचं, सगळं तीत ठरलेलं असतं. अमेरिकेचं टपाल खातं साप आणि कासव पार्सलनं घेतच नाही. तिथले जे खासगी लोक जबाबदारीनं सरपटणारे प्राणी पाठवतात ते निघण्याच्या गावचं, वाटेतल्या आणि पोचायच्या गावचं हवामान आधी पाहतात आणि पारा ठरलेल्या रेषेपुढे जाणार असेल तर पार्सल हलवतच नाहीत. पाठवण्याआधी काही दिवस प्राण्याला खायला देत नाहीत, कारण पोटातलं अन्न उष्णतेत कुजतं आणि तो ओकतो. साप आधी सुती पिशवीत, पिशवी भोकांच्या डब्यात, डबा थर्माकोलच्या पेटीत. गारव्याचं पाकीट ठेवायचंच तर कागदात गुंडाळून झाकणाला वरून चिकटवतात, प्राण्याच्या अंगाला ते कधी लागू देत नाहीत; बर्फ थेट अंगाला लावणं हीही मारायचीच रीत आहे. संध्याकाळी निघायचं, सकाळी पोचायचं, आणि घेणारा माणूस दारात हजर हवा.

यातली थर्माकोलची गोष्ट आपल्या पोरांना मुद्दाम सांगायला हवी. सापाच्या शरीरात तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या तुलनेत सुमारे दशांशच उष्णता तयार होते. कोंबडीची पिल्लं बंद पेटीत स्वतःच्या उबेनं गुदमरतात. साप आपली पेटी आतून तापवत नाही. म्हणून पहाटेच्या गारव्यात बंद केलेली थर्माकोलची पेटी सावलीत ठेवली तर सापाला कितीतरी वेळ गार राखते. आणि दुपारी तापलेल्या सापासकट बंद केलेली तीच पेटी ती उष्णता आतच धरून ठेवते. म्हणजे पेटी कोणती यापेक्षा ती केव्हा बंद केली हे महत्त्वाचं. यात पैशाचा प्रश्न येतो कुठं?

पैशाचं सोंग तर कुणी आणूच नये. थर्माकोल नसला तर उशीचा सुती अभ्रा आहे, शिवण बाहेरच्या बाजूला केलेला, म्हणजे सुटलेल्या दोऱ्यात सापाचे दात किंवा खवले अडकत नाहीत. गाठ मारलेला अभ्रा झाकणाच्या बादलीत ठेवायचा आणि बादलीभोवती ओलं पोतं गुंडाळायचं. मराठवाड्याची हवा कोरडी. ओल्या पोत्यातलं पाणी उडतं आणि आतला भाग गार पडतो. बैलगाडीला छागळ बांधून शेताला जाणाऱ्या आमच्या बापजाद्यांना हे माहीत होतं. ज्याला स्वतःच्या पाण्याची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळायची अक्कल आहे, त्याला सापाच्या बादलीला पोतं गुंडाळायचं सुचत नसेल, तर अक्कल कमी नाही, आस्था कमी आहे.

मातीच्या भांड्याचंही तेच. तामिळनाडूत चेन्नईजवळ वडनेमेली इथं इरुळा समाजाच्या साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ पासून चालते. प्रतिसर्पविष लस तयार करायला लागणारं विष तिथून येतं. पकडलेले नाग, घोणस, मण्यार, फुरसं ही मंडळी मातीच्या मडक्यात ठेवतात, तोंडावर सुती कापड बांधतात, काही आठवड्यांत ठरावीक वेळा विष काढतात आणि साप परत सोडून देतात. साप मेला तर त्यांची मजुरी जाते, म्हणून त्यांनी सापाला जगवणारं भांडं निवडलं. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात नागपंचमीसाठी पकडलेले नागही मडक्यातच ठेवत. नाग पकडून मिरवण्याची ती प्रथा मला मान्य नाही. मुंबई उच्च न्यायालयानं तिला आवर घातला हे योग्यच झालं. पण पावसाळ्यातसुद्धा त्या लोकांनी मडकं वापरलं, आणि आम्ही मे महिन्यात प्लास्टिक वापरतो. आमच्या हातात ज्ञान जास्त, साधनं जास्त, आणि काळजी मात्र त्यांच्याहून कमी.

हा झाला गावातला साप. आता पार्सलानं येणाऱ्या जिवांचं बोलू. परदेशी साप-कासवं घरात पाळायचा शौक आता मुंबई-पुण्यापुरता राहिलेला नाही. मोबाईलवर फोटो बघायचा, पैसे टाकायचे आणि माल ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मागवायचा. बसस्टँडजवळ एका उन्हाळ्यात असंच एक खोकं उतरवताना मी पाहिलं. खोक्याला सगळीकडून चिकटपट्टी, भोकं दोन, वर लिहिलेलं 'काच सामान'. आत नखाएवढ्या नाजूक कवचाची, लाल पट्ट्याची छोटी कासवं, ओल्या पेपरात गुंडाळलेली; पेपर वाळून कडक झालेला. निम्मी मेलेली होती. मागवणारा पोरगा पाठवणाऱ्याला फोनवर शिव्या देत होता, पैसे परत मागत होता. मेलेल्या कासवांबद्दल त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. बाहेर ४० अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आतला पारा तासाभरात पन्नाशी ओलांडतो. बसची डिकी म्हणजे खाली तापलेला रस्ता आणि शेजारी इंजिन. त्यात जिवंत प्राणी पाठवणारा आणि मागवणारा दोघेही सारखेच दोषी. मागणारा नसेल तर पाठवणारा खोकं बांधत नाही.

हेच मोठ्या प्रमाणावर मुंबई विमानतळावर चालतं. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयानं बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न साप पकडले. जून २०२५ मध्ये सीमाशुल्क विभागाला थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात कितीतरी जिवंत साप सापडले. त्यात इंडोनेशियाचे विषारी पिट व्हायपर होते आणि काही कासवंही. बिस्किटाच्या पुड्यात अजगर कोंबणारा तस्कर आणि गोळ्यांच्या बरणीत धामण कोंबणारा आमचा पोरगा यांच्या हेतूंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे मी मान्य करतो. पण आतल्या जिवाला हेतू कळत नाही, त्याला फक्त तापमान कळतं. आमच्या महाराष्ट्रातलं मांडूळ त्याहून दुर्दैवी. दोन तोंडांचा साप, गुप्तधन दाखवतो, वजनावर लाखांचा भाव, अशा थापांपायी ते पोत्यात, गाडीच्या डिकीत, बादलीत गावोगाव फिरवलं जातं. थंड, भुसभुशीत मातीत राहणारा प्राणी हा. त्याला गिऱ्हाईक मिळेपर्यंत डिकीत ठेवणारे आणि गुप्तधनाच्या आशेनं ते बघायला जाणारे, दोघांच्याही डोक्यात अंधार आहे आणि हातात रक्त आहे.

कायदा काय करतो? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २०२२च्या दुरुस्तीनं, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, नाग, घोणस आणि धामण पहिल्या अनुसूचीत गेले. तारांकित कासवही तिथंच. या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा केला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. परवानगीशिवाय साप नुसता पकडणंही कायद्यानं शिकारीतच मोडतं. परदेशी संरक्षित जातीचे प्राणी पाळणाऱ्यांनाही २०२४च्या नियमांनी सरकारी पोर्टलवर नोंद करायला लावली. कागद कडक आहे. पण पकडलेला प्राणी न्यायचा कसा, या प्रश्नावर तोच कागद कोरा आहे. प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम १९७८चे. त्यात कुत्री, मांजरं, माकडं, गुरं, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणं आहेत. २००१ मध्ये कोंबड्या आणि डुकरंही आली. साप, सरडा, कासव यांच्यासाठी एक ओळ नाही. ज्या देशात दर उन्हाळ्यात गावोगाव साप पकडून हलवले जातात, त्या देशाला सापासाठी एक प्रकरण लिहायला इतक्या वर्षांत सवड झालेली नाही.

उरतो १९६०चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा. माणूस सोडून कुठलाही जीव म्हणजे प्राणी, असं तो म्हणतो. म्हणजे सापही त्यात आला. प्राण्याला विनाकारण यातना होतील अशा रीतीनं वाहून नेणं हा त्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? दहा ते पन्नास रुपये. टपरीवरच्या दोन चहांत फिटतो एवढा. ज्या कायद्याला एका जिवाच्या यातनांची किंमत एवढी वाटते, त्या कायद्याला कोण घाबरेल? ही रक्कम अनेक वर्षांपासून तशीच आहे, आणि ती तशी ठेवणारे सगळे पक्ष, सगळी सरकारं याला जबाबदार आहेत.

२०२५च्या जुलैत महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी सर्पमित्रांना अधिकृत ओळखपत्र आणि दहा लाखांचा अपघात विमा देण्याची घोषणा केली. चांगलं झालं. साप पकडताना पोरं मरतात, मागं म्हातारे आईबाप आणि लेकरं उघडी पडतात. त्यांना आधार मिळायलाच हवा. पण ओळखपत्र म्हणजे नुसता मान नव्हे, ते उत्तरदायित्व आहे. त्या पत्राच्या मागच्या बाजूला अटी छापल्या पाहिजेत, आणि अटी मोडल्या की पत्र काढून घेतलं पाहिजे. मार्च ते जून या काळात पारदर्शक बरणी बंद. सुती पिशवी आणि झाकणाची बादली, किंवा मडकं, एवढंच चालेल. पकडलेल्या सापाचं प्रदर्शन नाही, भाषण नाही, व्हिडिओसाठी थांबणं नाही. वाहन उन्हात उभं करायचं नाही. पकडल्यावर लगेच वनखात्याला कळवायचं, वेळ लिहायची, सोडल्यावर पुन्हा वेळ लिहायची. मधलं अंतर मोठं असेल तर त्याचा जाब विचारला जाईल. साप जिथं सापडला त्याच शिवारात, ऊन उतरल्यावर, सावलीच्या आणि बिळांच्या जागी सोडायचा. रात्रभर घरात ठेवायचा नाही, दुसऱ्या तालुक्यात नेऊन मिरवायचा नाही.

वनखात्यालाही सोडता येत नाही. दुपारी साप पकडला गेला आणि वनरक्षक येईपर्यंत संध्याकाळ होणार असेल, तर तो साप कुठं ठेवायचा याचं उत्तर खात्यानं आधीच देऊन ठेवलं पाहिजे. बोरीसारख्या प्रत्येक मोठ्या गावात ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या एका अंधाऱ्या, गार खोलीत चार मडकी आणि एक नोंदवही, एवढ्याचा खर्च कितीसा? परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ आहे. दर फेब्रुवारीत या दोघांनी जिल्ह्यातल्या सर्पमित्रांना एक दिवस बोलावून उष्माघात झालेला साप कसा ओळखायचा आणि त्याला कसं सावरायचं ते हातानं दाखवावं. त्यात अवघड काही नाही: आधी सावली, मग वारा, मग साध्या पाण्यानं ओलावलेलं फडकं, आणि मग माणसांची गर्दी हटवून त्याला एकटं सोडणं. बर्फ नाही, गार पाण्याची बादली अंगावर ओतणं नाही, तोंडात पाणी घालणं तर मुळीच नाही.

पाळणाऱ्यांना माझं सांगणं दोन वाक्यांत संपतं. देशी साप, कासव, घोरपड घरात ठेवणं गुन्हा आहे, वास्तुशास्त्राच्या नावाखालीसुद्धा. परदेशी प्राणी कायदेशीर मार्गानं घेतला असेल तर पावसाळा लागेपर्यंत त्याची वाहतूक करू नका, आणि तेवढा धीर धरवत नसेल तर प्राणी पाळण्याची तुमची लायकी नाही.

आणि आमच्या गावातल्या पोरांनो, तुमच्या हिमतीचं मला कौतुक आहे. पण हिंमत दाखवून झाल्यावर उरलेल्या कंटाळवाण्या तासाभरात तुम्ही कसे वागता यावरच तुम्ही सापाचे मित्र की नाही हे ठरतं. अभ्रा, बादली, ओलं पोतं आणि सावली एवढं सोबत नसेल, तर दुपारच्या सापाला हात लावू नका. १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा, साप दिसतोय तिथून दहा हात लांब उभे राहा, काठ्या घेऊन आलेली माणसं मागं सारा आणि ऊन उतरेपर्यंत त्याला त्या ओल्या मोरीतच बसू द्या. तेवढं केलंत, तर त्या दिवशी एक साप खरोखर वाचेल.